यवनांचा वीर हेराक्लीझ आणि त्याचा आपल्याकडील माग

छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादच्या, छावणीस लागूनच नागसेनवन नांवाचा विस्तीर्ण परिसर आहे व त्यांत मिलिंद महाविद्यालय उभें आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं या शहरांत महाविद्यालय काढलें आणि १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. त्याला मिलिंद हें नांव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं दिलें. ज्यानें प्रश्न विचारले तो राजा मिलिंद आणि ज्यानें उत्तरें दिलीं तो भिक्षु नागसेन, ही जोडी 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथांतून आलेली आहे. छावणींतील एखादा विद्यार्थी "मिलिंदला जातों" असें सहज म्हणतो, तेव्हां तो एका ग्रीक राजाचें नांव घेत असतो, हें त्याच्या क्वचितच ध्यानांत येतें. मिलिंद म्हणजेच मिनँडर. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांत सागल, म्हणजे बहुधा सध्यांचें सियालकोट, ही राजधानी करून पंजाबच्या बाजूस राज्य करणारा यवन राजा.

या मिनँडरचीं नाणीं पुष्कळ सांपडलीं आहेत. चांदीच्या नाण्यांवर बहुधा अथेना देवी वज्र उगारून उभी असते. एकीकडे ग्रीक लिपि, दुसरीकडे खरोष्ठी. परंतु त्याचें एक लहानसें चौकोनी तांब्याचें नाणें आहे, तें अधिक लक्ष वेधून घेतें. त्याच्या एका बाजूस सोंड उचललेल्या हत्तीचें मस्तक आहे, गळ्यांत घंटा बांधलेली आहे. आणि दुसऱ्या बाजूस कोणीही देव नाहीं, मनुष्य नाहीं, नुसती एक गदा आहे. हत्ती कोठला हें आपल्याकडील माणसास सांगावें लागत नाहीं. गदा मात्र भीमाचीही नव्हे आणि मारुतीचीही नव्हे. ती हेराक्लीझची. ग्रीक पुराणांतील हा सर्वांत थोर वीर भारताच्या उंबरठ्यापर्यंत कसा आला, उंबरठा ओलांडून आंत आला काय, आणि दक्षिणेंत त्याचा कांहीं माग लागतो काय, हा शोध घेण्याजोगा विषय आहे. त्यांत भलत्याच समजुतीही पुष्कळ शिरल्या आहेत, म्हणून तर तो अधिकच घेण्याजोगा आहे.

प्रथम या वीराची ओळख. हेराक्लीझ, ज्याला रोमन लोक हर्क्युलिस म्हणत, हा झ्यूस देवाला अल्कमीनी नांवाच्या मानवी स्त्रीपासून झालेला पुत्र. झ्यूसची पत्नी हेरा हिनें सापत्नभावानें पाळण्यांतल्या बाळावर दोन सर्प सोडले. बाळानें दोन्ही मुठींत एकेक धरून ते आवळून मारले. ही कथा ऐकतांच गोकुळांतला बाळकृष्ण आणि पूतना आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु पुढची कथा गोकुळची नव्हे. हेरेनें लावलेल्या वेडाच्या भरांत त्यानें आपलींच मुलें मारलीं आणि त्या पापाच्या क्षालनासाठीं त्याला युरिस्थिअस नांवाच्या एका हलक्या मनाच्या राजाची चाकरी करावी लागली. त्यानें सांगितलेलीं बारा दुष्कर कामें हेराक्लीझनें केलीं. नेमिआच्या सिंहाला नुसत्या बाहुबलानें मारून त्याचें कातडें अंगावर घेतलें. अनेक मुखांचा जलसर्प मारला. पाताळांतील कुत्रा ओढून वर आणला. तीं कामें करतांना त्याचें सोबती दोनच, गदा आणि सिंहाचें कातडें. अखेर पत्नीनें अजाणतां दिलेल्या विषारी वस्त्रानें त्याचें अंग भाजूं लागलें, तेव्हां ओएटा पर्वतावर चिता रचून तो तींत शिरला आणि देवांच्या पंक्तीस जाऊन बसला. सर्वांत बलवान् पुरुषानें सर्वांत हलक्या धन्याची आज्ञा पाळावी आणि त्यांतूनच देवत्व मिळवावें, हा या कथेचा गाभा. सैनिकांना, कष्टकऱ्यांना आणि राजांनाही हा वीर सारखाच आपला वाटला याचें कारण यांतच असावें.

रामाला वाल्मीकि लाभला, तसा हेराक्लीझला कोणी लाभला नाहीं. त्याच्यावर रचलेलीं जुनीं महाकाव्यें काळाच्या उदरांत गडप झालीं. होमरच्या काव्यांत त्याचे उल्लेख आहेत. हेसिअडच्या नांवावर चालणारें 'हेराक्लीझची ढाल' हें काव्य आहे. सोफोक्लीझ आणि युरिपिडीझ यांच्या नाटकांत त्याचें वेड आणि मरण आलें आहे. ओळीनें सांगितलेली कथा पाहिजे असेल तर डायोडोरसच्या इतिहासाचा चौथा भाग आणि अपोलोडोरसच्या नांवावर असलेला कथासंग्रह हेच पाहावे लागतात. ते दोन्ही पुष्कळ नंतरचे. ऑलिंपिया येथील झ्यूसच्या देवळावर इसवी सनापूर्वीं ४६० च्या सुमारास बारा कामांचे बारा शिल्पपट कोरले गेले. ग्रंथाहून दगड जुना, असा हा प्रकार आहे.

पूर्वीं मराठवाड्यांतील विद्यार्थ्याला हीं साधनें पाहावयाचीं म्हटलें तर मुंबईचें वा पुण्याचें मोठें ग्रंथालय गांठावें लागे. आतां तीं छावणींतल्या घरीं बसून आंतरजालावर पाहतां येतात. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत ग्रीक ग्रंथांचा एक संगणकीय संग्रह उभारावयास घेतला गेला, तो टफ्ट्स विद्यापीठांत आहे. त्यांत मूळ ग्रीक पाठ, शब्दकोश आणि इंग्रजी भाषांतर हीं शेजारीं शेजारीं मिळतात. त्या संग्रहाचें नांव पर्सिअस. पर्सिअस हाही ग्रीक पुराणांतला वीर आणि नात्यानें हेराक्लीझचा आजेपणजा, म्हणजे आईच्या वडिलांचा पिता. पणजोबाच्या घरीं पणतू सांपडावा हें रास्तच झालें! ऑक्सफर्डचा बीझली संग्रह प्राचीन ग्रीक चित्रित भांड्यांसाठीं आहे, आणि त्या भांड्यांवर हेराक्लीझइतका दुसरा वीर क्वचितच दिसतो. यवन राजांचीं नाणीं न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीनें छायाचित्रांसह मांडलीं आहेत. मिनँडरची ती गदा तेथें पाहावी.

इतकी सोय झाली तरी अडचण दुसरीच उत्पन्न झाली. या उत्तम साधनांच्या भोंवतीं निनांवी मजकुराचें रान माजलें आहे, आणि शोध घेणाऱ्याच्या हातीं प्रथम तें रानच लागतें. त्यांत वारंवार भेटणारें एक विधान असें कीं, हर्क्युलिस म्हणजे 'हरि-कुल-ईश', सबब तो श्रीकृष्णच होय. हें विधान नवें नाहीं. राजस्थानचा इतिहास लिहिणारा कर्नल जेम्स टॉड यानें १८२९ सालीं आपल्या ग्रंथांत ही व्युत्पत्ति मांडली होती. टॉड राजपुतांच्या कथांवर मनापासून प्रेम करणारा मनुष्य. परंतु त्याच्या काळीं भाषाशास्त्र नुकतें कोठें रांगूं लागलें होतें. 'हर्क्युलिस' हें रूप लॅटिन आहे. ग्रीकांचा मूळ शब्द हेराक्लीझ. त्यांत हेरा हें देवीचें नांव आणि 'क्लेओस' म्हणजे कीर्ति. मूळ रूप टाकून परभाषेंत बदललेल्या रूपाची संस्कृतांत फोड करणें म्हणजे बंबई या उच्चारावरून मुंबादेवीचा अर्थ लावण्यासारखें आहे.

मौज अशी कीं, खरें नातें या खोट्या नात्याहून किती तरी सुंदर आहे. ग्रीक 'क्लेओस' आणि वेदांतील 'श्रवस्' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत, हें भाषाशास्त्रानें निःसंशय ठरविलें आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणें. जें लोकांच्या कानीं जातें तें श्रवस्, म्हणजेच कीर्ति. ज्याच्या नांवाच्या शेवटीं हा शब्द आहे त्या हेराक्लीझचा, आणि उच्चैःश्रवस् अश्वाचा, असा शब्दापुरता संबंध खरोखरच आहे. परंतु तो दोन भाषांच्या सामाईक पूर्वजाकडून आलेला आहे. एकानें दुसऱ्याकडून उचललेला नाहीं.

आतां हेराक्लीझ भारतांत आल्याच्या ग्रीक वार्ता पाहूं. अलेक्झांडर स्वतःस हेराक्लीझचा वंशज म्हणवीत असे आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचें कातडें पांघरलेलें हेराक्लीझचें मस्तक आहे. सिंधूच्या पलीकडे आओर्नोस नांवाचा एक अवघड कडा होता. हेराक्लीझला जो घेतां आला नाहीं तो अलेक्झांडरनें घेतला, अशी आवई सैन्यांत उठली. पुढें पंजाबांत कातडीं पांघरणारे व हातांत सोटे बाळगणारे शिबि लोक भेटले, तेव्हां हे हेराक्लीझच्या सैन्यांत मागें राहिलेल्यांचे वंशज, असें सैनिकांनीं ठरवून टाकलें. कातडें आणि सोटा हा पुरावा! एराटोस्थेनीझ या ग्रीक विद्वानानें पुढील शतकांत साफ सांगितलें कीं, या सर्व कथा मॅसिडोनियनांनीं अलेक्झांडरच्या खुशामतीसाठीं रचल्या. आणि अलेक्झांडरचा चरित्रकार एरिअन यानेंही त्या शंका नमूद करूनच सांगितल्या आहेत. ग्रीकांनीं स्वतःच ज्या कथेवर अविश्वास दाखविला, ती आज आपण विश्वासानें सांगावी हें विपरीत होय.

मेगॅस्थेनीझची गोष्ट निराळी. हा सेल्यूकसचा वकील इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास पाटलिपुत्रास चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं आला होता. त्याचा 'इंडिका' हा ग्रंथ नष्ट झाला. एरिअन, स्ट्रॅबो, डायोडोरस इत्यादींनीं केलेले उतारे तेवढे उरले. ते श्वानबेक या जर्मन पंडितानें १८४६ सालीं एकत्र केले आणि मॅक्रिंडलनें १८७७ सालीं त्यांचें इंग्रजी भाषांतर छापलें. त्यांत असें आहे कीं, शूरसेन नांवाचे लोक हेराक्लीझची विशेष पूजा करतात, आणि मेथोरा व क्लेइसोबोरा अशीं त्यांचीं दोन मोठीं नगरें आहेत. मेथोरा म्हणजे मथुरा यांत शंका नको. शूरसेनांचा मथुरेंतील वीर-देव म्हणजे वासुदेव कृष्ण, असें बहुतेक विद्वानांनीं मानलें, तें येथवर योग्यच दिसतें.

परंतु उतारा येथें संपत नाहीं. या हेराक्लीझला पुत्र पुष्कळ होते, कन्या मात्र एकच, तिचें नांव पंडाइआ. तिला त्यानें एक राज्य दिलें, आणि समुद्रांतून मोतीं शोधून काढून तीं तिच्या अंगावर घातलीं, असें पुढें आहे. मोतीं आणि पंडाइआ हीं तर दक्षिणेंतील पांड्य देशाकडे बोट दाखवितात. शिवाय या भारतीय हेराक्लीझचा पोशाख थीब्जच्या हेराक्लीझसारखाच होता, असेंही मेगॅस्थेनीझनें म्हटल्याचें एरिअन सांगतो. कृष्ण पीतांबरधारी, कातडें पांघरणारा देव आपल्याकडे शंकर. म्हणून कोणी विद्वान् शिवाकडे वळले, तर कोणी इंद्राकडे. या वादांत एकच देव निश्चित करण्याचा अट्टाहास सोडणें बरें. मेगॅस्थेनीझ परका होता, त्याला भाषा येत होती असें दिसत नाहीं. मथुरेचा एक वीर, दक्षिणेची एक राजकन्या आणि कातडें पांघरलेला एक देव यांच्या कानीं आलेल्या वार्ता त्यानें आपल्या ओळखीच्या एका नांवाखालीं जमा केल्या असाव्या, हाच तर्क उताऱ्याशीं अधिक जुळतो.

पुढच्या पिढ्यांतील यवन मात्र येथें राहिले आणि त्यांना फरक कळूं लागला. याचा पुरावा १९७० सालीं मिळाला. अफगाणिस्तानांत आय खानुम येथें ग्रीकांच्या एका नगराचें उत्खनन चाललें असतां फ्रेंच संशोधकांना अगाथोक्लीझ या यवन राजाचीं सहा चौकोनी चांदीचीं नाणीं सांपडलीं. काळ इसवी सनापूर्वीं १८० च्या सुमारास. त्या नाण्यांच्या एका बाजूस चक्र घेतलेला वासुदेव आहे आणि दुसऱ्या बाजूस नांगर घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम. याच अगाथोक्लीझनें आपल्या पूर्वींच्या राजांच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांवर हेराक्लीझही कोरविला आहे. म्हणजे एकाच राजाच्या टांकसाळींत दोघेही होते आणि दोघांचीं रूपें वेगळीं होतीं. वासुदेवाच्या अंगावर सिंहाचें कातडें नाहीं. हेराक्लीझच्या हातीं चक्र नाहीं. 'हरिकुलेश' म्हणणारांस याहून चांगलें उत्तर कोणत्याही व्याकरणानें देतां येणार नाहीं. त्यानंतर, त्याच शतकाच्या अखेरीस, तक्षशिलेचा राजा अँटिआल्किडस याचा वकील हेलिओडोरस यानें विदिशेजवळ बेसनगर येथें वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. स्वतःला तो भागवत म्हणवितो, यवन म्हणवितो, आणि देवाला देवदेव वासुदेव म्हणतो. हेराक्लीझचा नामोल्लेखही तेथें नाहीं.

मग हेराक्लीझ आंत आलाच नाहीं काय? आला, परंतु मूर्तिकारांच्या छिन्नीवाटे. मथुरेंत कनिंगहॅम यांना सिंहाशीं झुंजणाऱ्या हेराक्लीझची एक मूर्ति मिळाली, ती कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्यें आहे. मथुरा म्हणजे मेगॅस्थेनीझचें मेथोराच. पण ही मूर्ति त्याच्यानंतर कित्येक शतकांनीं कुशाणांच्या काळांत घडलेली, तेव्हां तिनें त्याची साक्ष पटत नाहीं. गांधार देशांत तर याहून विलक्षण प्रकार झाला. बुद्धाच्या पाठीशीं वज्र घेऊन उभा राहणारा यक्ष वज्रपाणि कसा दाखवावा, असा प्रश्न तेथील शिल्पकारांस पडला, तेव्हां त्यांनीं डोक्यावरून सिंहाचें कातडें घेतलेला हेराक्लीझच उचलून तेथें उभा केला आणि गदेच्या जागीं हातांत वज्र दिलें. असा एक शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. अफगाणिस्तानांत हड्ड्याजवळ तपा शोतोर येथें बुद्धाशेजारीं बसलेला मातीचा वज्रपाणि तर हुबेहूब ग्रीक वीर होता. तेथील यादवींत त्या मूर्तींचा विध्वंस झाला आणि आतां छायाचित्रें तेवढीं उरलीं आहेत.

बलाढ्य असून दुसऱ्याच्या आज्ञेंत वागणारा, हें हेराक्लीझचें मूळ रूप येथें किती नेमकें जुळलें! वज्रपाणि पुढें देशभर पसरला. छावणीपासून शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पद्मपाणीच्या जोडीस जें भव्य चित्र आहे, त्याला सामान्यतः वज्रपाणि म्हणतात. परंतु तेथें मुकुट आहे, रत्नमाला आहेत, राजपुत्राची शांत मुद्रा आहे. कातडें कोठेंच नाहीं. सीमेवर ज्याचा हात धरून वज्रपाणि चालूं लागला, त्या यवन वीराचा अंशही दक्षिणेंत येईपर्यंत उरला नव्हता.

दक्षिणेंत यवन आले नाहींत असें मात्र नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक खलाशानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथांत, भडोच बंदरांत अपोलोडोटस आणि मिनँडर यांचीं जुनीं नाणीं अद्याप चालतात, असें नमूद आहे. मिनँडरला जाऊन तेव्हां दीड-दोनशें वर्षें झालीं होतीं. त्याच ग्रंथांत भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हीं बाजाराचीं गांवें सांगितलीं आहेत. पैठणहून अकीकासारखा दगड आणि तगरहून कापड गाड्यांनीं भडोचला जाई. त्या वाटेनें मिलिंदाचें एखादें नाणें आपल्या भागांत आलें असल्यास नवल नाहीं.

कार्ले येथील चैत्यांतले अनेक खांब धेनुकाकटाच्या यवनांनीं दिलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशा तीन यवनांचीं दानें कोरलीं आहेत. एकानें पाण्याचीं टांकीं दिलीं, एकानें भोजनमंडप. हे सगळे रक्तानें ग्रीकच होते काय, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याचा दाता मात्र स्वतःची पुरी ओळख देतो: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा योनक, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. दत्तामित्री म्हणजे डिमिट्रिअस राजाच्या नांवाचें नगर, असें बहुतेक मानतात. हा डिमिट्रिअस नाण्यावर हत्तीचें मस्तक शिरस्त्राण म्हणून घालतो, आणि त्याच्या पाठीमागच्या बाजूस हेराक्लीझ स्वतःच्या हातानें स्वतःस मुकुट चढवीत उभा असतो. ज्या नगराला असल्या राजाचें नांव, तेथला हा गृहस्थ. पण त्याच्या नांवांत इंद्र आणि अग्नि, बापाच्या नांवांत धर्म, मुलाचें नांव धर्मरक्षित. मातापित्यांच्या पूजेप्रीत्यर्थ त्यानें डोंगर कोरून बुद्धसंघाला लेणें दिलें. हेराक्लीझला त्या लेखांत जागा नाहीं; त्याची इंद्राग्निदत्ताला गरजही भासली नसावी.

त्याच डोंगरांत, थोड्याच अंतरावरच्या तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि हा शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा होता, असें ती वृद्ध राजमाता अभिमानानें सांगते. आणि पराक्रमांत तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोलाचा होता, असें म्हणते. यवनांचा नाश सांगणारा लेख आणि यवनानें दिलेलें लेणें एकाच डोंगरांत शतकानुशतकें शेजारीं नांदत आहेत. कोणीही एकानें दुसऱ्याचा दगड खरवडला नाहीं.

दक्षिणेंत ग्रीक पुराणांतील कोणी प्रत्यक्ष मूर्तिरूपानें पाहावयाचा असेल तर कोल्हापूरला जावें. तेथें ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा एक सांठा सांपडला. त्यांत पाश्चात्य घडणीचीं भांडीं होतीं आणि वीतभर उंचीची एक रेखीव पुरुषमूर्ति होती. ती ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. सध्यां ती कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयांत आहे. सह्याद्रीच्या घाटानें वर चढून ती कोणाच्या सामानांत आली हें तिच्यावर लिहिलेलें नाहीं. परंतु समुद्र ओलांडून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या गांठोड्यांत समुद्राचा देव असावा आणि खैबर ओलांडून येणाऱ्या राजाच्या नाण्यावर वीराची गदा असावी, यांत विसंगत असें कांहीं नाहीं.